कर्नल थ्रॅशरला पडलेलं मत

आमच्या केंटकीत मत द्यायचं तर कचेरीत सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. मग उमेदवाराने उठून त्या माणसाचा हात हातात घ्यायचा. मी मतं लिहीत होतो. शेजारी उमेदवार कर्नल थ्रॅशर तोंडभर हसत बसला होता.

नदीवरच्या लढाईतून आपण सगळ्यांत शेवटी परतलो, ही त्याची थाप ऐकून माझे कान किटले होते. मी होतो तिथे. आमच्यातल्याच जेरेड पूलच्या घोड्यावर बसून सगळ्यांत आधी पळाला तो हाच. जेरेड नदीतच राहिला. त्याच्या नावाने भाषणात रडून हा दोनदा विधानसभेत गेला.

भर दुपारी दारातून आवाज आला, "कर्नल थ्रॅशर!"

दारात कोणीच नव्हतं. टेबलापर्यंत ओली पावलं मात्र उमटत आली.

मतदानावर देखरेख करणारा शेरीफ पुटपुटला, "लिहू नकोस रे."

"का नाही? मतं बरोबरीत आहेत," कर्नल खेकसला. "आवाज ओळखलाय मी. लिही, जेरेड पूल." आणि निर्लज्जाने उठून हात पुढे केला. "आभारी आहे, जेरेड."

मी नाव लिहिलं.

त्याचा हात हवेत वरखाली हलू लागला. आधी तो हसला. मग टेबलाची कड धरून म्हणाला, "सोड आता. लोक बघतायत."

पावलं दाराकडे वळली. कर्नलचे बूट त्यांच्यामागून फरफटत निघाले.

मी पुढच्या मतदाराला हाक मारली.