सियाची माती

भांड्यावरचं झाकण खडखडलं.

ओसरीत दाराशी बसलेल्या पोरीने झटकन मान वळवली. फिंदाने उठून झाकण तिरकं केलं, कसाव्याच्या पाल्याची भाजी ढवळली आणि पुन्हा येऊन बसली.

"म्हणजे तू हलणार नाहीस," डेकरसाहेब म्हणाले. घरं उठवायला हिऱ्यांच्या खाणीवाल्यांनी त्यांना राजधानी फ्रीटाउनहून पाठवलं होतं. सदरा पाठीला चिकटला होता.

"तसं कुठे म्हटलं? मी म्हटलं, शेतात कबर आहे."

"मागच्या खेपेला सांगितली नाहीस."

"मागच्या खेपेला तुम्ही झाडं मोजायला आला होतात. मेलेल्यांचं विचारलं नाहीत."

ड्रायव्हर साहर खाली मान घालून हसला. तो फिंदासारखाच कोनो जमातीचा, याच मुलखातला.

साहेबांनी कपाळ पुसलं. कबर असेल तिथे यंत्र न्यायचं नाही, एवढी एकच अट गावच्या मुखियाने मान्य करून घेतली होती. डोंगर, ओढा, वाट, बाकी सगळं त्याने देऊन टाकलं होतं.

"अगं बाई, नवं घर मिळतंय. पत्र्याचं, पक्कं."

"बघून आलेय. माझी मावशी राहते तिथे. विहिरीला पाणी नाही, पेरायला जमीन नाही. पत्र्याखाली बसून पत्रा खायचा का?"

"पाणी येणार आहे."

"रस्ताही येणार होता, साहेब. दवाखानाही. हिरे तेवढे गेले, ते मात्र वेळेवर गेले."

लांब सुरुंग उडाला. भिंतीच्या भेगेतून माती घरंगळली. कुणी वर पाहिलं नाही.

"कबर कुणाची?" साहेबांनी विचारलं. "तुझे सासूसासरे लढाईत पळाले आणि सीमेपलीकडे गिनीत वारले, तूच सांगितलं होतंस."

"लेकीची."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. "लेक तर ही बसलीय."

"कुंबा, साहेबांना पाणी दे," फिंदा म्हणाली.

पोरगी मातीत रेघा ओढत राहिली.

"कुंबा."

आता पोरीने आईकडे पाहिलं आणि ती सावकाश उठली.

"कानाने अधू झालीय," फिंदा म्हणाली. "तुमच्या सुरुंगांनी."

साहर पुढे सरकला. "हिचं नाव कुंबा? मग साहेब, हिच्या वर एक होतीच."

"कशावरून?"

"आमच्यात नाव आईबाप ठेवत नाहीत, नंबर ठेवतो. पहिली मुलगी सिया, दुसरी कुंबा, तिसरी फिंदा. म्हणजे या बाईला दोन थोरल्या बहिणी. मी साहर, घरातला पहिला मुलगा. बाजारात मला हाक मारा, निम्मा बाजार वळेल."

"आणि पहिली गेली तर दुसरीला सिया म्हणतात?"

"छे. ती जागा तिचीच राहते."

सियाचं नाव निघालं तशी पाणी देऊन पुन्हा दाराशी बसलेल्या पोरीने मान वर केली. फिंदाने तिच्या हातात उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडा दिला, तिच्या वेण्यांवरून हात फिरवला. "चल," म्हणाली.

कबर शेताच्या कडेला होती, लिंबाच्या झाडाखाली. बुटका उंचवटा, भोवती पांढरे गोटे, वर पालथी घातलेली लहान वाटी. साहेब वाकून बघू लागले. या गावापर्यंत पोचेतो त्यांना शेळ्या पुरलेल्या कबरीही माणसांच्या म्हणून दाखवून झाल्या होत्या.

"साहर, तुला काय वाटतं?"

साहर उकिडवा बसला. "पाणी सोडून बघू. खोट्या मातीवर आमच्यातलं कुणी पाणी सोडू देणार नाही. मेलेलं माणूस ऐकतं, असं मानतो आम्ही." तो फिंदाकडे वळला. "काय ताई? सोडू?"

लिंबावर कसला तरी पक्षी ओरडत होता. फिंदाने ओठ ओले केले.

"सोड, दादा."

घरातून तांदळाचं पीठ आलं, तांब्या आला. साहरने पिठाची गोळी गोट्यांवर ठेवली, पाण्याची धार धरली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सिया, फिंदाच्या पहिल्या लेकी, ऐक. तू आता तिकडची. या घरी परत येऊ नकोस. आईने हाक मारली तरी ओ देऊ नकोस."

फिंदाने पोरीचं मनगट इतकं घट्ट धरलं की हातातला कसावा खाली पडला. पाणी मातीत जिरून गेलं तरी तिने धरलेला हात सोडला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही.

डेकरसाहेबांनी तोंड फिरवलं. त्यांच्याही घरी मुली होत्या.

"हद्द वळवा इथून," ते थकल्या आवाजात म्हणाले. "वरच्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. पण बाई, सुरुंग थांबायचे नाहीत. जमीन राहील, भिंतींचं मी सांगू शकत नाही."

"जमीन राहू दे," फिंदा म्हणाली.

साहरने रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. "पोरीला जप," एवढंच म्हणाला आणि गाडीकडे गेला.

लाल धूळ उडाली, वळणापलीकडे गेली, हळूहळू बसली. पोरीने मनगट सोडवून घेतलं. पडलेला कसावा उचलला, माती फुंकली, अर्धा मोडून आईपुढे धरला.

"आई, गाडी गेली. आता मी परत सिया होऊ?"