पंख्याची दुरुस्ती

महाडच्या छोट्या सभागृहातली शनिवारची मैफल आज शेवटची. सोमवारपासून तिथे जिम. नऊ वर्षं विनीताबाई गात आल्या, डोक्यावरचा पंखा खटखटत आला. “हा दुरुस्त करा,” त्या दरवेळी वैतागून म्हणत. “पुढच्या शनिवारी नक्की,” चिटणीस चिंतामणराव म्हणत. आज त्यांनी हसत वर बोट दाखवलं, “निरोपाची भेट.” पंखा गपगुमान फिरत होता. बाईंनी भैरवी सुरू केली, सम चुकली. पुन्हा घेतली, पुन्हा चुकली. त्यांनी तबलजी भिकूवर डोळे वटारले. “बाई, मी पन खटखटीवरच वाजवायचो. आता कायच जमत नाय.” “नऊ वर्षांत एक काम केलंत, तेही आजच?” बाई चिटणिसांवर कडाडल्या. चिंतामणरावांनी पंखा थांबवला, स्क्रू ढिला केला, बटण दाबलं. खट्, खट्. “पुढच्या शनिवारी परत दुरुस्त करू नका,” बाईंनी बजावलं. “नक्की,” चिंतामणराव म्हणाले.