घशाची रजा

जानेफळकडच्या एका गावात, एकाच खोलीत चार इयत्ता ओरडून शिकवता शिकवता त्र्यंबक मास्तरांचा घसा नोकरीच्या अकराव्या वर्षी बसला. हकीम अब्दुल गनींनी बजावलं, "मास्तर, महिनाभर एक लफ्ज बोलू नका, नाही तं आवाज कायमचा जाईल." शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलनं कुरकुरत का होईना, त्यांची पहिली रजा मंजूर केली.

तिसऱ्याच दिवशी शेषराव पाटील ओसरीवर येऊन टेकले. "मास्तर, रिकामेच बसून राह्यले, तं कोंडवाड्याची वही तुमीच लिहा. तिले काही घसा लागत नाही."

मास्तरांनी जोरजोरात नकाराची मान हलवली.

"दुखण्यात मान हालतेच," पाटील मोठ्या मायेनं म्हणाले आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

अकरा वर्षांत गावाच्या कुठल्याच कामाला नकार न दिलेले मास्तर ताडकन उठले आणि होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून ओरडले, "नाही!"



पाटलांचा चेहरा खुलला. "वा मास्तर, घसा तं मोकळा झाला की तुमचा! मंग उद्यापासून शाळा उघडा, वही संध्याकाळी लिहा."