उंबराच्या अलीकडे

घाटाच्या चढावर उमेशने ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आणि पिकअप एसटीच्या बरोबरीला आली. पुढे मात्र जाईना.

"भावजी," शेजारी बसलेली चंपावहिनी म्हणाली. तीन महिन्यांत ती त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

समोरून, वरच्या अंगाने, ट्रक उतरत होता. एसटीचं मागचं चाक वहिनीच्या खिडकीला लागून फिरत होतं. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी, कुणी मागून हौदा धरून ठेवावा तशी, तिथल्या तिथे. सकाळचे अकरा वाजलेले, लख्ख ऊन, तरी उमेशच्या अंगावर काटा आला. वळण तेच होतं. तीन महिन्यांपूर्वी त्याचा मोठा भाऊ देवराम याच वळणावर, याच पिकअपमधून, असाच एका एसटीच्या बाजूने चालला होता. वरून आलेला ट्रक चुकवायला गेला आणि डोंगराच्या कातळावर आदळला.

पिकअप एकाएकी मागे पडली आणि एसटीच्या पाठीशी आली. ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला.

"वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचलो," उमेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"तुमी नाय दाबला," वहिनी म्हणाली. "मी तुमच्या पायाकडंच बघत व्हते. पाय हलला नाय तुमचा."

उमेशने नजर रस्त्यावरच ठेवली. विचारायची भीती वाटली. वहिनीच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. डबीने देवरामला खाल्लं, आणि डबी बसवली उमेशने. तेराव्यापासून तिने त्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. आजही गाडी तिच्या नावावर होतेय, जव्हारच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तिची सही लागते, म्हणून नाइलाजाने शेजारी बसली होती.

डबी म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. ती इंजिनाच्या कॉम्प्युटरला खोटं सांगते, की बाबा रे, डिझेल कमी पडतंय. तो भाबडा आणखी सोडतो. मग खोडाळ्याहून भरून निघालेली गाडी घाटातसुद्धा उड्या मारते. कंपनीला मात्र डबी चालत नाही. तिथल्या मशीनला दिसली की वॉरंटी गेलीच. त्यामुळे इकडच्या ड्रायव्हर लोकांची एक रीत पडून गेलेली. घाट चढून आलं की माथ्यावरच्या उंबराखाली थांबायचं, बॉनेट उघडायचं, डबी काढून सीटमागे लपवायची आणि साळसूद चेहऱ्याने सर्व्हिस सेंटरात शिरायचं. परतताना त्याच उंबराखाली ती पुन्हा बसवायची. झाडाखाली नेहमी एखादं बॉनेट उघडं असायचंच.

कुणी बघत नाही ना, याची खात्री करून उमेशने उंबराखाली गाडी थांबवली. अपघातानंतर गाडी नाशिकला पत्र्याचं काम करून आली होती. इंजिनाला फारसं काही झालं नव्हतं. पण बॉनेट उघडायची त्याची छाती आजवर झाली नव्हती. त्या डबीकडे बघवलंच नसतं.

त्याने बॉनेट वर केलं आणि तसाच उभा राहिला.

डबी नव्हती. कंपनीचा प्लग सरळ आपल्या जागी बसलेला, त्यावर तीन महिन्यांची धूळ. त्याने घाईघाईने सीट पुढे ओढली. मागच्या हत्यारांच्या पिशवीत, तळाशी, देवरामच्या चौकडीच्या रुमालात गुंडाळलेली डबी होती. रुमालाला देवरामची गाठ होती, दुहेरी. सोबत सर्व्हिसिंगचं कार्ड. त्यावर गाडी सर्व्हिसिंगला आणायची तारीख, अपघाताच्याच दिवसाची.

वहिनी खाली उतरून मागे येऊन उभी होती. तिने रुमाल ओळखला.

"म्हंजे त्या दिवशी डबी गाडीला नव्हतीच?"

"नव्हती."

वहिनी दगडावर बसली आणि रडू लागली. बराच वेळ रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मंग मी उगाच तुमाला दोष देत व्हते, भावजी. आन् आज त्यांनीच वाचवलं तुमाला. भावाची माया हाय." तिने हात पुढे केला. "पाणी द्या."

उमेशने बाटली दिली. ती त्याच्या हातची बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायली. किती दिवसांनी! त्याला वाटलं, आता इथेच थांबावं. गप्प राहिलं की सगळं मिटलं.

पण मघाचा तळाला टेकलेला पाय त्याला आठवला. डबी आहे या भरवशावर त्याने गाडी एसटीच्या बाहेर काढली होती. वर्षभर डबीची सवय झालेल्या देवरामच्या पायानेही तेच केलं असणार. दादा नेहमी घाट चढून उंबराखालीच डबी काढायचा. त्या एकाच दिवशी त्याने ती खोडाळ्याला, घराच्या दारातच काढली होती.

वहिनीने बाटली परत दिली.

"वहिनी," उमेश म्हणाला, "आदल्या दिवशी मी दादाला फोन केला होता. म्हटलं, उंबराखाली हल्ली कंपनीची माणसं बघतात, डबी घरीच काढून नीघ."