कुठलं बटण कुठे

नवरा-बायको दोघंही लग्नांचे फोटो काढायचे. जुने दोन्ही कॅमेरे विकून त्याने दुसऱ्या कंपनीचे घेतले, तर बटणं सगळी उलटसुलट. आठवडाभर खटपट करून त्याने स्वतःच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेका बटणाचं काम आपल्या सवयीप्रमाणे लावून घेतलं. मग तिचा कॅमेरा हातात घेतला.

"तुझ्या जुन्यात होतं तसंच लावू ना?"

"जुन्यात सगळं तुझ्यासारखंच होतं," ती म्हणाली. "ऐन वेळी तू माझा कॅमेरा ओढून घ्यायचास. तुझी बोटं अडायला नकोत म्हणून."

त्याने तिच्या आखूड बोटांकडे पाहिलं. एखादा क्षण तिच्याकडून हुकला की परतताना गाडीत तो तिला काय काय ऐकवायचा, ते सगळं त्याला आठवलं.

"आता तुला सोयीचं पडेल तसं लावू," तो खाली मान घालून म्हणाला. "सांग, फोकस कुठल्या बटणावर ठेवू?"

तिने कॅमेरा धरून पाहिला. एकेका बटणावर अंगठा टेकवला, उचलला.



"खरंच नाही रे सांगता येत. माझ्या हाताला काय सोयीचं पडतं, ते मी कधी बघितलंच नाही."