बॅटरी आहे तोवर

वादळ आलं आणि रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातली लाइट गेली, तेव्हा यशवंतराव फ्लेक्स छापायच्या मशीनमधून भुवयांपर्यंत बाहेर आले होते. वर लाल अक्षरांत ‘गुमशुदा’, त्याखाली पांढरे केस आणि कपाळ.

"थांबलं का?" राधिकानं विचारलं.

"नाही नाही, यूपीएसवर आहे," निरंजन म्हणाला. दुकान त्याचं, मशीनही त्याचंच. छापणारं हेड रुळावर इकडून तिकडं धावतच होतं, आणि दर फेरीला राधिकाचा सासरा दोराभर खाली सरकत होता.

दुपारपासून म्हातारा घरात नव्हता. बूढ़ापाऱ्यातल्या घराचं फाटक उघडं राहिलं, बस, एवढंच झालं होतं. नवरा मोटरसायकलवर स्टेशनकडं हिंडत होता, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कधीचा फिरत होता. पण ऑटोवाले म्हणाले, छोटे फ्लेक्स आणून द्या, गाडीच्या पाठीला बांधतो, सारं रायपूर पाहील. म्हणून ती इथं धावत आली होती.

यशवंतरावांना हल्ली ना घर आठवे ना पोरगा. भीती तेवढी आठवे, अंधाराची. त्यांच्या खोलीतला दिवा कोणी बंद करत नसे. आणि आता अख्खा पारा, सारी वस्तीच अंधारात बुडाली होती, आणि पलीकडं बूढ़ा तालाब. त्या पाण्याचा विचार राधिकानं दुपारपासून कसाबसा अडवून धरला होता. आता तो काही केल्या अडेना.

यूपीएस टीं टीं करायला लागला.

"दिवसा दोनदा लाइट गेली, दीदी. बॅटऱ्या भरल्याच नाहीत." निरंजननं पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. "मशीन मधातच बंद पडलं तं हा फ्लेक्स गेला समजा. पट्टा उमटते, मंग तिथून जुळत नाही. आन् तुमचा फोन नंबर तं सगळ्यात खाली आहे."

"नंबराशिवाय काय कामाचा तो?"

"तेच तं म्हणून राहिलो."

आणखी काय काय जळतंय म्हणून राधिकानं इकडं तिकडं पाहिलं. बाहेर दुकानाचा मोठा बोर्ड झगझगत होता. निरंजनला भारी हौस, बोर्डही त्यानं बॅटरीवरच जोडून ठेवला होता. गल्लीत तेवढा एकच उजेड.

"तो कशाले चालू ठेवला? अशा वादळात कोण गिऱ्हाईक येणार आहे तुमच्याकडं?" ती जवळजवळ खेकसलीच. निरंजन उठायच्या आत बटण तिनंच दाबलं.

गल्ली काळीठिक्कर झाली. मशीन चालत राहिलं. निरंजननं मोबाइलचा उजेड धरला, त्यात यशवंतरावांचे डोळे बाहेर आले.

तेवढ्यात समोरची चहावाली दीपमाला पदरानं तोंड झाकत आत शिरली. "भैया, बोर्ड काहे बुझा दिए? एक सियान बाबा, एकदम बूढ़े, लाइट देख-देखके इधरीच आ रहे थे. बुझी तो वहीं खड़े हो गए. फिर पलट गए."

"कैसे थे?" राधिकानं विचारलं.

"सफेद बाल. पैर में चप्पल नहीं."

"किधर पलटे?"

दीपमालानं हात केला तो तलावाच्या बाजूला.

म्हातारा नीट वाटेला लागला होता, आणि आपण आपल्या बोटानं त्याची वाट पुसली. ती दारात धावली. मोबाइलच्या उजेडात नुसती धूळ उडताना दिसली. पुढं गल्लीला दोन फाटे होते. कुठल्या फाट्यानं पळायचं?

"बोर्ड लावा, भैया."

"लावतो, पण बॅटरी दोन्ही नाही ओढणार आता. अर्धं तोंड तं छापून झालं, जरासं थांबा."

"मशीन बंद करा."

"दीदी, मी कधी मधात..."

"माणूस तिकडं चालला, निरंजन भैया. फ्लेक्स घेऊन काय करू मी? बंद करा म्हणते ना."

छपाई चालू असताना हे मशीन थांबू नये, एवढ्यासाठीच तर त्यानं बॅटऱ्या घेतल्या होत्या. तो क्षणभर घुटमळला. मग त्यानं बटण दाबलं. हेड नाकाशी येऊन थांबलं, आणि बाहेर बोर्ड लागला.

उजेड समोरच्या नालीपर्यंत पोचला. त्यापुढं पुन्हा काळोख होता. राधिका बोर्डाखाली जाऊन उभी राहिली.

"बाबा," तिनं हाक मारली. "बाबा, इकडं या. इकडं."

वाऱ्यानं कुठंतरी पत्रा आदळला. बाबा म्हटलेलं ते हल्ली ऐकतच नसत. आपण कोणाचे बाप आहोत हेच त्यांच्या ध्यानात उरलं नव्हतं. दिवसभर स्वतःच्या आईला शोधत असत.

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याचं नाव राधिकानं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. कोणी विचारलं तर लिहून दाखवायची. आता तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"यशवंता. अरे यशवंता, दिवा लावला रे. ये घरी."

मागं यूपीएसचा आवाज लांबत चालला. तिनं वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली, मग पुन्हा.

उजेड संपत होता तिथून, भिंतीच्या कडेनं, रडवेला, रुसलेला आवाज आला.

"मंग विझवला काहून होता, माय?"