घोरपडीचे पाय

"डोळ्यांनी काय बघतेस? डेक पायाने निवडायचा असतो," असं म्हणून घोरपडने चपला भिरकावल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होड्यांच्या कारखान्याच्या अंगणात तो अनवाणी उतरला.

घोरपड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कितीही लाटा येवोत, या माणसाचे पाय एकदा होडीला चिकटले की सुटत नाहीत, म्हणून बंदराने त्याला ते बहाल केलं होतं. तो ते छातीवर बिल्ला लावल्यासारखा मिरवायचा. बायको सावलीत उभी राहिली.

ती त्याच्यावर रागावलेली होती आणि तिचा राग रास्त होता. होडीवर ही दोघंच. तो सुकाणूवर, ती त्याच्या डाव्या अंगाला जाळ्यावर. इंजिनाच्या धडधडीत हाका मारून घसा फोडला तरी ऐकू येत नाही, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात त्यांनी एक खूण ठरवली होती. तिने त्याच्या पायावर पाय दाबला की त्याने इंजिन बंद करायचं. घरात त्याने तिचं कधी ऐकलं, कधी कानाआड केलं, पण ही खूण कधी चुकली नव्हती. या हंगामात ती चुकली. तिने दाबला, पुन्हा दाबला, हा आपला समोर बघत उभा. जाळं इंजिनाच्या पंख्यात गेलं आणि त्याबरोबर तिचा हात जाता जाता वाचला.

"डेक निसरडा झालाय. पाय ठरत नाही, लक्ष सगळं त्याच्यात," असं तो म्हणाला होता. वाकडं अंगण दुसरं काय! म्हणून आज हा नवा डेक.

मिस्त्रीने नमुने सकाळपासूनच अंगणात उन्हात मांडून ठेवले होते. लाकडी फळी, वाळू मिसळून रंगवलेला तुकडा, रबरी चटई आणि शेवटी नक्षी उठवलेला पत्रा. पत्रा जरा वाकडा पडला होता. तो सरळ करताना मिस्त्रीने हाताला पोतं गुंडाळलं.

"हां, फळी गुळगुळीत," घोरपड पहिल्या नमुन्यावर उभा राहून म्हणाला. मग रंगावर. "हा टोचतो." चटईवर. "ही मऊ. म्हातारपणाची सोय." स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मग त्याने पत्र्यावर उजवा पाय रोवला, सगळा भार त्यावर दिला आणि तोल सांभाळत नाचऱ्या पोरासारखा उभा राहिला.

"काका..." मिस्त्री म्हणाला.

"थांब रे. हा बरा आहे. पायाला कसा गार लागतो!"

मिस्त्रीच्या हातातलं पोतं तसंच राहिलं. त्याने वळून तिच्याकडे बघितलं. तिला आधी वाटलं, हा नवऱ्याचा नवा आचरटपणा. ती पुढे आली, वाकली आणि पत्र्याला बोटं लावली. लावली न लावली तोच तिने हात मागे ओढला.

"उतरा! अहो, उतरा आधी!"

"का? काय झालं?"

तिने त्याचा दंड धरून त्याला खाली खेचलं, दगडावर बसवलं आणि त्याचं पाऊल उलटं केलं. तळव्यावर पत्र्याची नक्षी लालभडक उठली होती. कडेला कातडी पांढरी पडून सुटत चालली होती. ती हादरली. घोरपड मात्र त्या तळव्याकडे शेजाऱ्याचा असल्यासारखा बघत होता.

मिस्त्री पाण्याची बादली आणायला धावला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अगं, अडत नाही काही. बघितलं की कळतं ना पाय कुठे आहे ते."

"आणि अंधारात?"

तो चपला शोधू लागला.

मिस्त्रीने बादली ठेवली आणि त्याचा पाय अलगद पाण्यात सोडला. पाण्याकडे बघून घोरपड मोठ्याने "हुश्श" म्हणाला. ते तिने ओळखलं. पाणी दिसलं म्हणून हुश्श, एरवी काहीच नाही. म्हणजे मघाचं टोचणं आणि मऊ लागणंही डोळ्यांचंच होतं.

पण उजवा गेला म्हणजे डावाही गेला असं कुठे आहे? खूण डाव्या पायावरची होती. डावा असेल. डावा असायला हवा. ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, होडीवर राहायची तशीच.

"वाळूचाच रंग मार," घोरपड मान वर करून मिस्त्रीला सांगत होता. "आणि सुकाणूपाशी एक हात जास्त दे, तिथे माझी जागा. लाट आली ना, की तिथे मला असं घट्ट..."

तिने चप्पल काढली. त्याच्या डाव्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं आणि दाबलं. मग टाच रोवली. मग अंगातला सगळा जोर लावून ती त्यावर उभी राहिली.

"...घट्ट रोवून उभं राहावं लागतं. हिला विचार. रंग नीट वाळू दे मात्र, परवाच होडी पाण्यात सोडायची घाई नको. नाहीतर..."

मिस्त्री ऐकत नव्हता. त्याची नजर खाली होती. घोरपडला ते दिसलं, पण त्याने खाली बघितलं नाही. त्याने आधी बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

"दाबलास का?" त्याने विचारलं.